मयताच्या घरचा भात

आजी, तू गेलीस आणि माय जेवेना.

बाकी सगळं तुझ्या मनासारखं झालं. लाकडं वाळलेली मिळाली. तलावाकडच्या वाटेवर चिखल नव्हता. बायांनी तुला ते निळ्या काठाचं लुगडं नेसवलं, जे तू 'माह्या मरणाले ठेवलं' असं सांगत सांगत नातवांच्या लग्नांत मिरवून घेतलंस. खांदा देताना मला दम लागला, पण मी मध्येच सोडलं नाही. जरा हळू चाललो, एवढंच. मागून कोणीतरी म्हणालं, "गुड्डूभाऊ, पाय उचला, ऊन चढून राहिलं." पन्नाशीला टेकलेल्या, टक्कल पडलेल्या माणसाला स्मशानाच्या वाटेवर गुड्डू म्हणून हाक मारायची सोय तूच करून ठेवलीस. जन्मभर माझ्या पोटावरून बोललीस, आणि त्या दिवशी माझ्याच खांद्यावर बसून माझा श्वास ऐकत होतीस, तर एक शब्द नाही. अशी संधी तू आधी कधी सोडली नव्हतीस. तेव्हाच मला पहिल्यांदा कळलं की तू खरंच गेलीस.

पण मायचं काय करायचं, ते मात्र तू सांगून गेली नाहीस.

माय म्हणजे तुझी शेवंता. बाबा गेल्यावर त्या घरात तुम्ही दोघीच उरलात, सासू आणि सून. मी गोंदियात, शाळेत कारकून. एखाद्या रविवारी बस धरून यायचं, पोटभर जेवायचं, उरलेलं डब्यात भरून न्यायचं, एवढाच माझा तुमच्या संसाराशी संबंध. मी फाटकात शिरायच्या आधीच तुमचा आवाज रस्त्यावर यायचा.

"शेवंते, हा चहा आहे का भांडी धुतलेलं पानी?"

"धुतलेलंच आहे, आत्याबाई. तुमाले चहा पचते कुठं?"

"माह्या पोटाचं तू नोको पाहू. तुह्या हाताचं पचवून पचवून लोखंड झालं ते."

नवीन माणसाला वाटायचं, आज इथं काहीतरी होणार. काही होत नसे. तू तो चहा पिऊन टाकायचीस आणि माय दुसरा कप आणून ठेवायची.

आता तू नाहीस, आणि घरात जेवण वर्ज्य करून बसलेलं माणूस आहे. अशा वेळी गावात कोणाला बोलवायचं हे ठरलेलं होतं. तुलाच बोलवायचे.

आपल्याकडे मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भात-वरण करून नेतात, ठेवतात, हात जोडतात आणि निघून येतात. त्या घरची माणसं ते खातात की नाही, हे पाहायला कोणी थांबत नाही. तू थांबायचीस. पुरुष मंडळी मसणातून परतायच्या आत तुझा गंज, ते पितळेचं मोठं पातेलं, चुलीवरून उतरलेला असे. खाली भाताचा गंज, त्यावर वरणाचं झाकलेलं भांडं, डोक्यावर लुगड्याची चुंबळ. कुणब्याचं घर असो, ढिवराचं असो की जंगलाकडच्या छोट्या वस्तीचं, टोलीवरचं, तू निघायचीस. जाताना मातामायच्या शेंदरी दगडांपुढे थांबून तिचा समाचार घ्यायचीस: "पायलं का वं माय, आज कोनाचा नेला तू? नेला तं नेला, आता मांगच्याईले जेवाले तं लाव." देवीला असा दम देणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. रोज सकाळी तिच्यावर लोटाभर पाणी ओतायचीस ते भक्तीनं की तिला जागं करायला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि परत यायचीस तेव्हा गंज रिकामा असायचा. आल्या आल्या लोटाभर पाणी प्यायचीस आणि बाजेवर आडवी व्हायचीस. मी विचारायचो, "आजी, काय सांगितलं त्यांना?"

"काई नाई. जेवले."

"तरी काहीतरी म्हटलं असशील?"

"बाप्पा, तुह्यासारखी बोलत बसली असती, तं भात आंबला असता."

हे मला लागलं नाही, कारण खरं होतं. घरातला बोलका माणूस मी. लग्नात, बारशात, तेरवीत 'गुड्डूभाऊ, दोन शब्द बोला' म्हणून मला उभं करतात आणि मी दोनावर कधी थांबलेलो नाही. माझं संपलं की लोक पंगतीत बसतात, ते माझ्या शब्दांनी निवून नव्हे, उशीर झाला म्हणून.

तेव्हा तुझ्या विद्येची मला फारशी किंमत वाटली नाही. उलट गावात तुझं नाव वेगळंच पडलं होतं. बाया हसत म्हणायच्या, "बुढी मयतात जाऊन बी ताट मागते." मला वाटायचं, जळतात. मग तू आमच्याकडे गोंदियाला राहायला आलीस आणि मी ते स्वतःच पाहिलं. आठवतं? आमच्या समोरच्या घरातले अंकल गेले. हिंदी बोलणारं कुटुंब, ओळख फक्त 'नमस्ते'पुरती. तू माझ्या बायकोकडून मोठं पातेलं मागून घेतलंस, गंज नाही म्हणून चार शिव्या घातल्यास आणि भात घेऊन समोर गेलीस. तुला हिंदी येत नव्हती. हे तुला माहीत नव्हतं. रात्री त्यांचा जावई पातेलं परत द्यायला आला आणि म्हणाला, "आपकी दादी तो कमाल हैं. मम्मीजी के सामने बैठ गईं और बोलीं, मेरेकू भूक लगी, वाढ." तो हसत होता, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आजी, शहरात असं मागायचं नसते कोणाच्या घरी. त्यांच्याकडे माणूस गेलं."

"काऊन? शहरातल्या लोकाईले भूक नाई लागत?"

"लागते. पण आपण जेवून जावं ना!"

तू माझ्याकडे पाहिलंस, मग माझ्या पोटाकडे पाहिलंस. "तू जेवूनच जातेस, दिसते ते," म्हणालीस आणि भिंतीकडे तोंड करून झोपलीस. तो वाद तिथंच राहिला. तुझ्या माझ्यात बरेच वाद असे राहिलेत, आजी. कधीतरी निवांत बसून सगळे काढू, असं मी गृहीत धरलं होतं. तू इतकी म्हातारी होतीस की तू मरशील, हे डोक्यातून निघूनच गेलं होतं.

तर माय.

पहिल्या दिवशी कोणाच्या लक्षात आलं नाही. शेजारून भात आला, वरण आलं, पिठलं आलं. तीच सगळ्यांना वाढत होती, आणि वाढणारं माणूस जेवलं की नाही हे जेवणाऱ्याला कुठं दिसतं? मी जेवणाऱ्यांत होतो. राख सावडून आलो, पाहुणे पांगले, माझी बायको पोरीच्या परीक्षेसाठी गोंदियाला परतली, घरात मी आणि माय दोघंच राहिलो, तेव्हा एक दिवस कोठ्यात गेलो तर माय तिच्या ताटातला भात गाईपुढं ओतत होती.

"माय, हे काय?"

"गाईले नैवेद्य."

"ताटभर?"

"गाय मोठी आहे."

मग लक्ष ठेवलं. सकाळी काळा चहा, दुपारी काळा चहा. एकदा मूठभर मुरमुरे घेतले, तेही चिमण्यांसोबत वाटून. चार पावलं चालली की खांबाला धरायची. सत्तरी ओलांडलेली बाई, रोजची गोळी चालू. मी घाबरलो.

घाबरलो की मी बोलतो. तिला समोर बसवलं आणि सुरू झालो. आजी किती जगली, कशी सोन्यासारखी गेली, शरीर काय, आत्मा काय, मागे राहिलेल्यांचं कर्तव्य काय. माझंच मला भरून आलं. माय शांतपणे ऐकत होती.

"झालं तुह्यं?"

"झालं."

"घसा सुकला असन. पानी आणू?"

बायकोला फोन लावून दिला. ती गोंदियात वाढलेली, तिची मराठी अर्ध्या वाटेत हिंदीत शिरते. "माँजी, ऐसे नहीं चलता ना. थोडं तरी खाऊन घ्या." माय म्हणाली, "खाल्लं ना बाई, आत्ताच," आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीही फोनवर "हो हो, खाल्लं" म्हणून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी शेतावर गेलो. धान कापलेल्या बांध्यांमध्ये लाखोळी हिरवीगार उभी आहे. तिला ती भाजी किती आवडते, तुला माहीत आहे. वाकून वाकून कोवळे शेंडे खुडले, कंबर धरली, धुऱ्यावर बसून राहिलो, पुन्हा खुडले. पदरभर भाजी नेऊन तिच्यापुढं ठेवली. पदर नव्हता, दुपट्टा होता. तिनं लसणाची फोडणी देऊन ती केली आणि सगळी मला वाढली. मी जेवलो. काय करणार, फार छान झाली होती.

त्या संध्याकाळी छपरीत बसलो होतो. तुझी बाज अजून तिथंच आहे. हलवायला कोणाचा हात धजत नाही. माय तिच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत होती. मी काही विचारलं नव्हतं. ती आपणहून बोलली.

"मी मारलं गा तिले."

"काय बोलतेस माय?"

"त्या दिवशी सकाळपासून पेज घेऊन बसली मी. चमचा लावला का ओठ मिटून घे. गरम करून आणली, मिटून घे. गूळ टाकून आणली, मिटून घे. मंग माह्या डोक्शात गेलं. म्हनलं, नोका खाऊ. मरा उपाशीच. अन् कपडे धुवाले बोडीवर गेली. वापस आली तं..."

पुढचं मला माहीत होतं. तळ्यावरून ती परतली तेव्हा तू गेलेली होतीस. उशाशी पेजेची वाटी तशीच होती, वर साय धरलेली.

मी म्हणालो, "माय, तुम्ही दोघी रोजच असं बोलायच्या. याच्याहून वाईट बोलायच्या. तिनं तुला कितीदा 'मर' म्हटलं असेल."

"हो ना. पन रोज त्या वापस बोलत. मी एक म्हनलं का त्या दोन म्हनत. मंग माह्या मनात काई राहत नोहोतं." ती निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला लागली. "त्या दिवशी नाई बोलल्या."

आजी, मी दुसऱ्यांचं सांत्वन करण्यात अर्धं आयुष्य घालवलंय. पण तिला सांत्वन नको होतं. तुझी क्षमाही नको होती. तिला तुझं उत्तर हवं होतं, नेहमीचं, टोचणारं. 'मी मरीन तं तुह्या चहाले कोन नाव ठेवीन वं?' असं काहीतरी. ते तुझ्याशिवाय कोण देणार? मी तुझ्या आवाजाची नक्कल लग्नकार्यात करतो, लोक पोट धरून हसतात. त्या संध्याकाळी ती नक्कल माझ्या गळ्यापर्यंत आली आणि मी गिळून टाकली.

थोड्या वेळानं माय म्हणाली, "बुढीचंच बरं होतं. तिले कधी जेवन सुटलं नाई. तुहा बाप गेला त्या दिवशी बी."

हा तुमच्यातला सगळ्यात जुना विषय. मायनं तो किती वर्षं धरून ठेवला आणि किती वेळा तुझ्या तोंडावर फेकला, ते मी ऐकत आलोय. बाबांना पोचवून आम्ही परतलो. घरात रडारड चाललेली. माय कोपऱ्यात मातीच्या ढेकळासारखी पडलेली. आणि तू, ज्या बाईचा एकुलता एक मुलगा नुकताच चितेवर ठेवून आलो होतो ती बाई, सगळ्या बायांच्या देखत म्हणालीस, "शेवंते, मले भूक लागली. ऊठ, वाढ."

छपरीभर कुजबुज झाली. एक चुलत आत्या तोंडाला पदर लावून म्हणाली, "पोरगा गेला अन् हिले भात सुचते." माय उठली. दुःखानं नाही, संतापानं उठली, हे मी पाहिलंय. शेजारून आलेला भात तिनं तुझ्यापुढं असा वाढला की ताट वाजलं. तू घास घेतलास आणि वर त्याला नाव ठेवलंस, मीठ नाही म्हणून! त्यानंतर भांडण कुठूनही सुरू झालं तरी मायचा शेवटचा बाण तोच असे: "माहा नवरा गेला अन् तुमाले वरनात मीठ पाहिजे होतं." आणि त्या एकाच वेळी तू वापस बोलायची नाहीस. तंबाखूची चिमूट दाढेला लावायचीस आणि रस्त्याकडे पाहत बसायचीस. आम्हाला वाटायचं, बुढी शरमली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोनीबाई आली.

तुला ती आठवेलच. केशोरीकडच्या जंगलातल्या टोलीवरची. ती आणि तिचा धनी दर पावसाळ्यात आपल्या रोवणीला यायचे, मग एका उन्हाळ्यात तो मोह वेचायला गेला आणि अस्वलाच्या तावडीत सापडला. तुझी बातमी तिला उशिरा कळली. सकाळची बस धरून आली, पदराच्या गाठीत घरचे तांदूळ बांधून. तुझी बाज दिसली तशी फाटकातच बसली आणि तिनं असा गळा काढला की आमच्या सगळ्यांचं मिळून झालं नव्हतं इतकं रडणं तिनं एकटीनं केलं. मग तोंड पुसून ओट्यावर आली. माय पाणी आणायला आत गेली.

"गुड्डूभाऊ, किती पोट सुटलं गा तुमचं," ती म्हणाली. तुझ्या हाताखालची म्हणून हे चालवून घेतलं.

मी म्हणालो, "सोनीबाई, आजी तुमच्या टोलीवर आली होती ना, तो प्रसंग झाला तेव्हा?"

"आली नाई तं काय! एवढ्या दूर, गंज डोक्शावर. तुमच्यातले लोक आमच्या घरचं पानी पेत नोहोते तवा." ती पदराशी चाळा करत राहिली. "मी कोपऱ्यात पडून होती. कोनी म्हने ऊठ, कोनी म्हने लेकराईकडं पाय. बुढीनं माह्याकडं पायलं बी नाई. फतकल मारून बसली अन् म्हने, सोने, मले भूक लागली वं. वाढ."

मी हसलो. सवयीनं. ती हसली नाही.

"मले असा राग आला! म्हनलं, घ्या ना तुमच्या हातानं, गंज तुमचाच आहे. तं म्हने, लोकाच्या घरी मी हातानं घेत नाई. अन् पायलं तं तिच्या कपाळावर घाम, हात थरथर करून राहिले. ते नाटक नोहोतं भाऊ. कानावर आलं तवापासून उपाशीच होती ती. तशीच चालत आली. मी भेली. म्हनलं, हे बुढी बी माह्याच घरी मरन. उठली अन् वाढलं. तिनं एक घास घेतला न् ताट माह्याकडं सरकवलं. यात मीठ नाई, म्हने. मी म्हनलं, आहे. नाई, तू खाऊन पाय. मी पायलं. मीठ होतं बरोबर. म्हनलं, आहे. तं म्हने, तुले रडून रडून समजून नाई राहिलं, अजून एक डाव पाय." आता ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे पुन्हा वाहायला लागले. "असं पाहून पाहून सारं ताट माह्याच पोटात गेलं."

माझ्या मागे काहीतरी आपटलं. माय दारात उभी होती. पाण्याचा लोटा हातातून सुटून पायरीवर पडला होता आणि पाणी तिच्या पायाखालून चाललं होतं.

"मीठ?" ती म्हणाली. "मीठ म्हनलं?"

"हो बाई."

माय तशीच उंबऱ्यावर बसली. किती वर्षांचं काय काय तिच्या चेहऱ्यावरून गेलं, ते मला लिहिता येणार नाही. एवढंच म्हणाली, "मी बी खाल्लं होतं. त्या दिवशी. तिच्या ताटातलं. मीठ पाहाले."

आजी, मग मला तो दिवस पुन्हा दिसला. भिंतीशी तू, तुझ्यासमोर माय, मध्ये एक ताट. मायचा हात रागारागानं ताटात जातोय आणि तोंडाकडे येतोय, आणि तू पाहते आहेस. आम्ही सगळे तुझं मागणं ऐकत होतो. कोण जेवत होतं हे कोणी पाहिलं नाही. मीही नाही, आणि मी तर सगळं पाहून ठेवणारा, सांगणारा माणूस. मुलगा गेलेल्या आईनं त्या दिवशी एक घास खाल्ला, तोही सुनेसाठी. नंतर तुला कोणी वाढलं? कोण तुझ्यापुढं उपाशी बसलं? एवढ्या घरांमध्ये गंज घेऊन गेलीस, आणि तुझ्या घरी तो आला तेव्हा तोही तूच रिकामा केलास, दुसरीच्या पोटात. आणि पुढं इतकी वर्षं तो टोमणा ऐकून घेतलास. एकदा सांगून टाकलं असतंस तर काय बिघडलं असतं? पण सांगितलं असतंस तर मायला तुझे उपकार वाहावे लागले असते. त्यापेक्षा तिला राग वाहू दिलास. रागानं माणूस उभं तरी राहतं. असं मी आता म्हणतोय, तू असतीस तर म्हणाली असतीस, "गुड्डू, लय झालं. जेव."

सोनीबाईला मायनं वाढलं, मला वाढलं. सोनीबाई बसची वेळ पाहून उठली, जाताना तुझ्या बाजेला हात लावून गेली. ताटं विसळून झाली. भाताचं पातेलं झाकलेलं होतं. माय बाजेजवळ जमिनीवर येऊन बसली, या वेळी पाठ करून नाही.

मी तिच्यासमोर मांडी घालून बसलो. तोंडातून एवढंच निघालं.

"माय, भूक लागली."

"आत्ताच तं जेवला."

"वरणात मीठ नव्हतं."

"दोन डाव वाढून घेतलं, तवा नाई समजलं?"

"तेव्हा बोलण्यात ध्यान होतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. आजी, तुझ्या कपाळावर खरा घाम होता. मी तर तट्ट फुगलेलं पोट घेऊन बसलो होतो. माझ्याइतका वाईट नट या झाडीपट्टीत, जिथं दर हिवाळ्यात गावोगाव नाटकं होतात, दुसरा सापडणार नाही. तिला कळलं होतं. तिला कळलंय हे मला कळलं होतं. मी नजर खाली घातली.

पातेल्यावरचं झाकण वाजलं. माय ताट घेऊन आली. गार भात, त्यावर गार वरण. तिथंच, बाजेला टेकून बसली, कालवलं आणि एवढासा घास तोंडात घातला. फार वेळ चावत राहिली.

"आहे मीठ."

"नाही. नीट पाय."

दुसरा घास. "आहे गा."

"मला नाही वाटत."

तिसरा घास तिनं न सांगता घेतला. मग मी काही बोललो नाही, तिनंही माझी वाट पाहिली नाही. ती जेवत होती. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून थेट ताटात पडत होतं आणि ती ते पुसत नव्हती. एकदा फक्त म्हणाली, "आता तं खारट झालं पुरं," आणि तेही खाल्लं.

ताट संपत आलं तेव्हा ती थांबली. शेवटचा घास बोटांत धरून तिनं तोंड वर केलं, बाजेकडे, जिथं तुझी उशी असायची.

"खाऊन राहिली ना मी, आत्याबाई," ती म्हणाली. "आता तं बोला."

आम्ही दोघांनी खरंच थोडा वेळ वाट पाहिली.